मांडीला मांडी

आप्पांच्या कारखान्यात मोठी माणसं मोठी करत. शब्दशः. पुतळा कोणाचाही असो, मानाचा माणूस असेल तर तो खऱ्या मापापेक्षा वीतभर उंच काढायचा, आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा जो कोणी साधासुधा असेल तो चार बोटं कमी, असा तिथला जुना शिरस्ता होता. संग्रहालयं खूश असत. मोठ्या माणसांचे नातेवाईक तर फारच खूश असत. कमी केलेल्यांचे नातेवाईक कधी तक्रार घेऊन आले नाहीत, त्यामुळे त्यांचं मत काय होतं ते कळायला मार्ग नव्हता.

या कारखान्यात पुतळ्यांचे डोळे रंगवायचं काम धाकट्याकडे होतं. धाकटा हा आप्पांचा एकुलता एक मुलगा. एकुलता एक असून धाकटा कसा, असं नवी माणसं विचारत. पण आप्पा स्वतःच इतके थोरले होते की त्यांच्या घरात जो जन्माला येईल तो धाकटाच ठरला असता.

धाकट्याचं कात्रीवर प्रेम होतं. कात्री म्हणजे कारखान्यातल्या पुतळ्यांचे कपडे शिवणारी मुलगी. हे नाव तिला तिच्या कामावरून पडलं होतं, असं ती सांगे. तिच्या तोंडावरून पडलं होतं, असं बाकीचे सांगत. तिचे वडील साचेकाका. ते प्लास्टर कालवून साचे काढत, आणि आप्पांच्या कारखान्याला जे काही नाव होतं ते त्यांच्या हातांमुळे होतं, हे आप्पाही मान्य करत. हातांपुरतं.

आमच्याकडे जात पाळत नाहीत, असं आप्पा चारचौघांत अभिमानाने सांगत, आणि ते खोटं नव्हतं. पाळावी लागतच नव्हती. ती आपलं आपण बघून घ्यायची. साचेकाकांचा चहाचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे, कारण त्यांच्या हाताला प्लास्टर असतं. ते कोपरापर्यंत हात धुऊन येत तेव्हाही कप तिथेच असे. आप्पा ऑफिसच्या खोलीत टेबलावर जेवत आणि साचेकाका मागच्या अंगणात नळापाशी, कारण तिथे वारा चांगला येतो. थंडीत वारा जरा जास्तच चांगला येई. आप्पा सगळ्यांशी अहो-जाहो करत. इतक्या वर्षांत भेदभाव करताना त्यांनी कधी कोणाचा अपमान केला नव्हता.

तर धाकट्याने आणि कात्रीने लग्नाचं सांगितलं, तेव्हा आप्पा "बघू" म्हणाले. त्या घरात "बघू" ही एक खोल विहीर होती. धाकट्याची सायकल, आईचं माहेरी जाणं, स्वयंपाकघराची गळती, सगळं तिच्यात पडलेलं होतं आणि वर काही आलं नव्हतं. धाकट्याने पुन्हा विषय काढला. आप्पा आईकडे बघून म्हणाले, "मुलगी गुणाची आहे, प्रश्न तिचा नाहीच. पण उद्या मी त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसायचं?"

आई ओट्याशी उभी होती, तिथूनच तिने भात वाढला.

"हे गुरुद्वाऱ्याचं काम पास होऊ दे," आप्पा म्हणाले. "मग काय ते एकदाच बोलू."

म्हणजे विहिरीच्या तोंडाशी दोर तरी आला. धाकटा कामाला लागला.

गुरुद्वारा चार गल्ल्या सोडून होता. तिथल्या लोकांनी खालच्या मजल्यावर एक दालन करायला घेतलं होतं आणि त्यात लंगरचा देखावा हवा होता: जुन्या काळातली पंगत, येईल तो जमिनीवर एका ओळीत बसून जेवतो आहे, आणि त्याच ओळीत एक बादशाह. बादशाह गुरूंना भेटायला आला, तेव्हा त्यालाही आधी सगळ्यांबरोबर खाली बसून जेवावं लागलं, मग भेट झाली, अशी त्यांच्याकडे कथा आहे. समितीतर्फे काम बघायला बीबीजी येत. उंच बाई, पांढरी ओढणी, आयुष्य इस्पितळात हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून गेलेलं. त्यांच्याशी बोलताना आपलं काहीतरी मोडलं आहे असं माणसाला उगाच वाटे.

आप्पांनी त्यांना पडदा सरकवून पंगत दाखवली. बीबीजी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"हा एकच माणूस आहे," त्या म्हणाल्या.

"नऊ आहेत," आप्पा म्हणाले. "मोजून घ्या."

"एकच आहे. नऊ वेळा आहे."

ते खरं होतं. मागे एका गाद्यांच्या दुकानाने ताठ पाठीने बसलेला एक समाधानी माणूस मागवला होता. मग दुकानच बंद पडलं आणि माणूस अंगावर राहिला. त्याचा साचा माळ्यावर पडून होता. आप्पांनी त्यातूनच नऊ जण काढले, कोणाला दाढी लावली, कोणाला मुंडासं बांधलं, एकाला मुकुट दिला. चेहऱ्यावर चांगली झोप झाल्याचं समाधान मात्र नऊही जणांच्या सारखं होतं. धाकट्याने डोळे वेगवेगळे रंगवून बघितले होते. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"तुम्हाला समानता दाखवायची आहे ना?" आप्पा म्हणाले. "मग याच्याहून समान काय करू? सगळे एकाच साच्यातले."

"माणूस स्वतःच्याच शेजारी बसला तर त्यात मोठं काय केलं?" बीबीजींनी मुकुटवाल्याकडे बोट दाखवलं. "आणि हे उंच कसे?"

"ते बादशाह. खाली जराशी फळी दिली आहे. चादरीने झाकली आहे, दिसत नाही."

"फळी काढा."

"बुटके दिसतील हो."

"दिसू देत. त्यासाठीच तर बसवलं होतं त्यांना."

आप्पांचा चेहरा पडला. फळी ही त्यांची स्वतःची कल्पना होती.

बीबीजी एका रिकाम्या खोक्यावर बसल्या. "मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही ही ओळ केलीत, पण ओळीच्या बाहेर काय होतं त्याचा विचार केलात का? त्या काळी एकाची विहीर वेगळी, दुसऱ्याची वेगळी. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाची सावलीही चालत नाही, हे पोराला बोलता येण्याआधी कळायचं. सगळी माणसं एक आहेत, हे सांगणारे नव्हते असं नाही. विणकराने सांगितलं, चांभाराने सांगितलं, शिंप्याने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, पदं पाठ केली, आणि घरी जाताना आपापल्या विहिरीवरून पाणी भरून नेलं."

"आमच्या इथलेच लोक वाटतात," कात्री मागून म्हणाली. ती एका समाधानी माणसाच्या कमरेला शेला खोचत होती.

"सगळीकडचेच," बीबीजी म्हणाल्या. "आमच्या गुरूंनी ती पदं ग्रंथात घेतली. पण त्यांच्या एक लक्षात आलं असावं, असं मला आपलं वाटतं, की हे दुखणं कानाचं नाही, गुडघ्याचं आहे. माणूस ऐकतो सगळं. वाकत नाही. तर मग आधी वाका, ओळीत बसा, शेजारच्याला लागून बसा, त्याच हातचं जेवा, आणि मग काय तो देवधर्म बोलू. बादशाह असलात तरी. समता आम्हाला कुठे आकाशातून सापडली नाही, आप्पा. जिथे दुखत होतं तिथे पट्टी बांधली, इतकंच."

आप्पांनी मान डोलावली. ती चांगलीच सरावाने डोलली.

"आता हे तुमचे नऊ जण बघा. इतके आरामात बसलेत, की यांना कधी कोणी वेगळं बसवलं होतं असं वाटतच नाही. दुखणं दिसलं नाही तर पट्टी कशाला बांधली हे बघणाऱ्याला कळणार कसं? बादशहाला मांडी घालताना त्रास झालेला मला दिसला पाहिजे. त्याच्या शेजारी पाणक्या हवा, मांडीला मांडी लागलेली. आणि पाणक्यालाही त्रास होत असला पाहिजे."

"त्याला कसला त्रास?" आप्पा म्हणाले. "त्याचा तर फायदाच झाला."

"जन्मभर अंग चोरून बसलेला माणूस. एकदम म्हटलं पसरून बस, तर बसता येईल?"

मांडीला मांडी हे शब्द ऐकल्यावर धाकटा हातातला ब्रश रंगात बुडवायचा सोडून चहात बुडवत होता. त्याने वडिलांकडे बघितलं नाही. आप्पांनीही त्याच्याकडे बघितलं नाही. दोघं मिळून एका समाधानी माणसाकडे बघत राहिले.

मग ठरलं की खऱ्या माणसांना बसवून त्यांच्या अंगावरूनच साचे घ्यायचे. प्रश्न आला बादशहाचा.

"जमिनीवर शेवटचे कधी बसला होतात तुम्ही?" बीबीजींनी आप्पांना विचारलं.

आप्पांनी बराच वेळ आठवलं. "वेळच नाही आली," ते म्हणाले.

"मग तुम्हीच."

आप्पांनी आढेवेढे घेतले, पण ते रीतीपुरते. आपल्या नाकात काहीतरी राजेशाही आहे असा त्यांना पूर्वीपासून संशय होता. "आणि पाणक्या?" त्यांनी विचारलं.

बीबीजी मागच्या दाराशी गेल्या होत्या. अंगणात नळापाशी साचेकाका डबा खात होते: पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, सबंध अंगणात जितकी कमी जागा व्यापता येईल तितकी व्यापून. "ते कोण?" त्या म्हणाल्या. "तेच हवेत. तसेच्या तसे."

आप्पांनी तोंड उघडलं, आणि काम पास व्हायचं आहे हे आठवून मिटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बसले. आप्पा अर्ध्या चड्डीवर होते. ते तसे घरच्यांनीही कधी पाहिले नव्हते. मांडी घालताना त्यांनी आधी एक पाय आणला, मग दुसरा, मग पहिला निसटला. नाकातली बादशाही शाबूत होती, पण गुडघ्यांत ती पोचली नव्हती. साचेकाका शेजारी बसले, म्हणजे त्यांच्यात आणि आप्पांच्यात आणखी एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून बसले.

"जवळ," बीबीजी म्हणाल्या.

साचेकाका बोटभर सरकले.

"लागून."

"मालक, चालेल?" साचेकाकांनी विचारलं.

"कामच आहे," आप्पा समोर बघत म्हणाले.

मांडीला मांडी लागली. दोघांचेही चेहरे दाढ काढायला बसल्यासारखे झाले. बीबीजींनी फोन काढून भराभर फोटो घेतले. "हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच. आता हलू नका."

साचेकाका बसल्या बसल्या सूचना देत होते आणि धाकटा प्लास्टरमध्ये बुडवलेल्या पट्ट्या लावत होता. दोघांच्या मांड्या जिथे भिडल्या होत्या तिथला साचा अखंड घ्यायचा, असं साचेकाकांनी सांगितलं, म्हणजे सांधा खोटा वाटणार नाही. मग पट्ट्या एकाच्या गुडघ्यावरून सुरू होऊन दुसऱ्याच्या गुडघ्यावर गेल्या. प्लास्टर गरम होत, घट्ट होत गेलं. काम सुरेख जमलं होतं. धाकट्याने साच्याची कड धरली आणि हलकेच वर उचलली.

आप्पा ओरडले.

ते ओरडणं त्या नाकाला शोभणारं नव्हतं. धाकट्याने कड सोडली. साचेकाकांनी मान वाकवून साच्याच्या खाली बघितलं, बोट घालून चाचपलं, आणि सावकाश बाहेर काढलं.

"मालक, तुमच्या पायाला व्हॅसलीन नाही."

अंगावरून साचा घ्यायचा तर आधी कातडीला भरपूर व्हॅसलीन चोपडायचं, म्हणजे प्लास्टर केसांना धरत नाही. या धंद्यात पहिल्या दिवशी हे शिकवतात. साचेकाकांनी ते हजार वेळा केलं होतं. आज त्यांच्या स्वतःच्या पायाला ते व्यवस्थित चोपडलेलं होतं. त्यांचा पाय लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला असता. आप्पांचा पाय मात्र कोरडा होता आणि अस्वलासारखा केसाळ होता.

"का नाही?" आप्पा दात आवळून म्हणाले. "का नाही लावलंत?"

साचेकाकांनी बोटाला लागलेलं प्लास्टर पुसलं.

"अहो, विचारतोय मी."

"तुमच्या पायाला हात कसा लावायचा, मालक?" साचेकाका म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीच लावलं असेल."

"मी का लावीन? ते तुमचं काम आहे."

"हो ना."

"मग सांगायचं तरी, की लावून घ्या."

"तुम्हाला काम सांगायचं?"

इतकी वर्षं दोघं एका छपराखाली होते. रीत दोघांना तोंडपाठ होती आणि दोघांनी ती काटेकोर पाळली होती. चूक कुठे झाली तेच सापडत नव्हतं. शेवटी आप्पा नेहमीप्रमाणे धाकट्याकडे वळले. "आणि तू काय बघत होतास?"

"मला वाटलं, काकांनी लावलं असेल," धाकटा म्हणाला. "सगळ्यांना तेच लावतात."

"सगळ्यांना लावतो," साचेकाका म्हणाले.

बीबीजींनी ओढणी खोचून साच्याची पाहणी केली. प्लास्टर ही त्यांची घरची गोष्ट होती. ओढलं तर केसांबरोबर थोडे आप्पाही निघतील, फोडलं तर साचा गेला, असं निदान त्यांनी केलं. कोमट पाणी आणि तेल सोडत, कडेने एकेक झुबका कापत गेलं तर दोन्ही वाचतील. पण त्याला वेळ लागेल. कात्री आपली बारीक कात्री घेऊन आप्पांच्या गुडघ्याशी बसली.

"मी उठू का?" साचेकाकांनी विचारलं. "माझा पाय मोकळा आहे. पण मी उठलो की साचा हलेल, आणि साचा हलला की..."

"नका," आप्पा म्हणाले. "बसा. कृपा करून बसा."

असं आर्जव त्यांनी कोणाला केलेलं त्या कारखान्याने आजवर ऐकलं नव्हतं. साचेकाका बसले.

जेवायची वेळ झाली. आप्पांना साखरेचा त्रास होता. वेळेवर पोटात काही पडलं नाही तर त्यांना घाम फुटे. धाकट्याने ऑफिसातून त्यांचा डबा आणला. कात्रीने वडिलांचा डबा नळापाशी होता तो आणला. बीबीजी आप्पांच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसल्या, आपली फळं सोलू लागल्या. धाकटाही समोर टेकला. झाडणाऱ्या मावशी आल्या आणि झाडू टेकवून बघत राहिल्या.

"आज काय जमिनीला भाव आलाय वाटतं," त्या म्हणाल्या. "मी झाडू कुठे? सगळी जागा तर मालकांनी धरली."

"मावशी, तुम्हीपण बसून घ्या," कात्री म्हणाली.

मावशी साचेकाकांच्या उजव्या बाजूला बसल्या आणि त्यांनी आपलं फडकं सोडलं.

साचेकाकांनी आपला डबा उचलून डावीकडे ठेवला.

अगदी थोडासाच. एक वीतही नाही. मावशींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्यांना ते सवयीचं असावं. कात्रीचा हात थांबला.

"बाबा, डबा का सरकवलात?"

"जागा केली त्यांना."

"जागा होती."

"अगं, सहज."

"सहजच असतं हो ते," बीबीजी संत्र्याची साल काढत म्हणाल्या. "मुद्दाम केलं असतं तर कधीच बंद झालं असतं."

धाकट्याने खाली मान घातली. कारखान्यात वेगळ्या खिळ्याला एक कप होता, तो सगळ्यांना ठाऊक होता. मावशी चहा कशातून पितात, हे मात्र त्याने कधी बघितलंच नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला तर त्याला नुसता झाडू आठवला. डोळे रंगवण्यात त्याचं आयुष्य चाललं होतं.

आणि आप्पा हसले. खूप दुखत असताना माणूस हसतो तसे, तुकड्यातुकड्याने, कारण हसलं की केस ओढले जात होते. "साचेवाले," ते म्हणाले, "तुम्हीपण?"

साचेकाकांचे कान लाल झाले. त्यांनी डबा उचलला, तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून काही वेळ तो हातातच धरला. मग तो होता तिथे, मावशींच्या बाजूला ठेवला. मावशींनी आपल्या फडक्यातलं थोडं त्यांच्या झाकणात टाकलं. "खाऊन बघा," त्या म्हणाल्या. "मीठ कमी आहे. तेवढ्याचा विटाळ मानला तरी चालेल."

साचेकाकांनी खाल्लं. "कमीच आहे," ते म्हणाले.

"तुमच्यात हे सगळं मिटलं असेल ना?" आप्पांनी बीबीजींना विचारलं. प्रश्नात थोडी असूया होती. "रोजच बसता तुम्ही असे."

"कुठलं मिटतंय? जेवायला शेजारी बसतो, पण मुलीचं लग्न म्हटलं की आमच्यातही मावश्या हळूच विचारतात, लोक कोणातले. माझ्या वेळी विचारलं, माझ्या मुलीच्या वेळी विचारलं." बीबीजींनी एक फोड तोंडात टाकली. "एकदा बसून भागलं असतं तर आमचे गुरू एकदाच बसले असते. जखम बाहेर रोज होते, तर पट्टीही रोजच बदलायची. गुरूंनी फुकट का रोजचं काम लावून दिलं?"

कात्रीच्या हातातली कात्री कचकच चालू होती. ती आप्पांच्या गुडघ्यावर इतकी वाकली होती की तिचं नाक प्लास्टरला लागत होतं.

"हलू नका, आप्पा."

"हललो नाही."

"विचार करताना हलता तुम्ही."

आप्पांनी एक सुस्कारा सोडला, तोही बेताने. "काम पास झालं का, बीबीजी?" त्यांनी विचारलं.

"फोटोत बादशहाचा चेहरा आलाय तो तसाच उतरला, तर पास."

म्हणजे आता सबब राहिली नाही. धाकट्याने मान वर केली. आप्पा समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "साचेवाले, मग पोरांचं करून टाकू या का? माझी आता हरकत नाही."

आपण केवढी मोठी गोष्ट बोललो, याची त्यांना कल्पना होती. ते थांबले. आता साचेकाकांचा गळा भरून येईल, ते हात जोडतील, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

साचेकाका घास चावून झाल्यावर म्हणाले, "मी विचार करून सांगतो."

"कसला विचार?"

"मला अजून कोणी विचारलंच नव्हतं, मालक. तुमचं 'बघू' चाललं होतं. आमच्या घरी कोणी आलं नाही, काही बोललं नाही. आता विचारलंत, तर आता विचार करतो."

"मी धरून चाललो होतो," आप्पा म्हणाले, "की तुमचं हो असणारच."

"का?"

या एका अक्षराच्या प्रश्नाचं उत्तर आप्पांना माहीत होतं, आणि ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी कात्रीकडे बघितलं. तिने झुबका कापला.

"माझं मला विचाराल तर हो आहे," ती मान वर न करता म्हणाली. "पण बाबांचं बाबा सांगतील. ते काही माझ्या पदराला बांधून येणार नाहीत."

"माझी मुलगी तुमच्या घरात जाईल ती कुठे बसेल, हे मला बघायचंय," साचेकाका म्हणाले. आवाज चढला नव्हता. ते पट्टी कुठून सुरू करायची ते सांगत होते, त्याच आवाजात बोलत होते. "तुम्ही असं करा. रविवारी या सगळे. जेवू. जेवण झाल्यावर मी काय ते सांगतो." मग ते जरा घुटमळले. "मावशी, तुम्हीपण या."

"मला कशाला मध्ये घालता," मावशी म्हणाल्या. "यायला येईन."

"आमच्याकडे खालीच बसतात," साचेकाकांनी आप्पांना सांगून ठेवलं. "टेबलावर हिचं शिवण असतं."

साचा उतरला तो दुपार कलल्यावर. अखंड उतरला. आप्पांचा एक पाय लहान मुलासारखा गुळगुळीत निघाला. उठताना त्यांचा तोल गेला, आणि त्यांनी जो पहिला मिळाला तो खांदा धरला; तो साचेकाकांचा होता. हाताखाली काय आहे हे कळल्यावर त्यांनी तो काढून घ्यायला हवा होता. पण पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि मुंग्या कोणाचं ऐकत नाहीत.

त्या संध्याकाळी धाकटा घरी पोचला, तर आप्पा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले. एक पाय आणला, दुसरा आणला, पहिला निसटला. पुन्हा सुरुवात.

"काय सांडलंय?" आईने विचारलं.

"काही नाही. बसतोय."

"कशासाठी?"

"रविवारी बसायचंय. तिथे जाऊन फजिती नको."

आईने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने दिवसभराचं सगळं सांगितलं. व्हॅसलीनच्या ठिकाणी ती हसली नाही, मिठाच्या ठिकाणी हसली. मग साचेकाका विचार करून सांगणार आहेत, हे ऐकल्यावर तिने भाताखालची आच बंद केली. "आणि ते नाही म्हणाले तर?" तिने आप्पांना विचारलं.

"तर पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ," आप्पा म्हणाले. "माझी सवय काही एका दिवसात जाणार नाही. त्यांनी तरी एका दिवसात हो का म्हणावं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नानंतर त्यांना तिने वरून असं प्रथमच बघितलं असावं. मग तिने ताटं खाली आणली, आप्पांच्या शेजारी बसली, आणि पदर सारखा केला. ओट्याशी उभ्याने जेवायची तिची सवय इतकी जुनी होती की ती बसल्यावर स्वयंपाकघरच चुकल्यासारखं दिसू लागलं.

"तू बसलीस?" आप्पा म्हणाले.

"सराव करायचाय ना? मलाही रविवारी यायचंय."

"मग वाढणार कोण?"

आईने आपलं ताट पुढ्यात ओढलं. भात ओट्यावर होता. धाकटा उठायला लागला, तेव्हा आप्पांनी हात करून त्याला खाली बसवलं.

"थांब," ते म्हणाले. "मी उठतो."

त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा. गुळगुळीत पाय पुढे आला, केसाळ पाय आला नाही. ते पुन्हा बसले, दम खाल्ला, पुन्हा प्रयत्न केला. वर भात गार होत होता. आई आणि धाकटा ताटं पुढ्यात घेऊन वाट बघत राहिले. उठतो म्हणाले होते, तेव्हा मध्ये पडून चालणार नव्हतं.